घटस्फोटाआधीची वास्तुशांत

मंजूषा दाणी मंगळवारी दुपारी अशोका गार्डनमधल्या तिच्या घरात वारली. तिचा घटस्फोट झालेला नव्हता. त्यामुळे ते घर तिच्या नवऱ्याचं झालं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'नोकरीतल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं, असं ते फोनवर म्हणाले. मी प्रयत्न केला. दोन पानं लिहिली आणि फाडली. गमती होत्या, नाही असं नाही. पण हल्ली कुठलीही गंमत सांगायला घेतली की ती चालत चालत त्या घराच्या दाराशी जाते. तेव्हा दाराशीच सुरुवात केलेली बरी.

मी मराठी घेऊन एम.ए. केलं आणि आयुष्यभर आकडे तपासले. लग्नानंतर पुण्याहून भोपाळला आले. माझे यजमान पिपलानीच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि त्याच कारखान्याच्या फंडाच्या कचेरीत मला जागा मिळाली. यजमान गेले, क्वार्टर सुटलं, मी शाहपुऱ्याला लहानसा फ्लॅट घेतला. पण टेबल तेच राहिलं. निवृत्त होईपर्यंत मी त्या टेबलावर बसून माणसांच्या म्हातारपणाची राखण केली.

ज्यांना हे खातं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी. दरमहा पगारातून थोडा भाग कापला जातो, तेवढाच जवळपास कारखाना घालतो, त्यावर व्याज चढतं, आणि निवृत्तीच्या दिवशी ते सगळं माणसाच्या हातात येतं. मधे काढायचं तर कारण लागतं. घर, आजारपण, लग्न, शिक्षण. माणसाला पैसे हवे असतात आणि कारण नसतं. म्हणून आमच्या कचेरीत कारणांचं पीक यायचं. एका गृहस्थांनी वडिलांच्या आजारपणासाठी अर्ज केला. वडील वारल्याची नोंद त्यांनी स्वतःच आमच्याकडे पूर्वी केली होती. मी ते दाखवल्यावर ते शांतपणे म्हणाले, ''मॅडम, तेव्हाच्या आजारपणाचे पैसे द्यायचे राहिलेत.'' दुसरे एक जण वारस म्हणून बायकोऐवजी भावाचं नाव लावायला आले होते. त्यांना घाम आला म्हणून बाहेरच्या बाकावरून त्यांची बायको पाण्याची बाटली घेऊन आत आली. आपण कशासाठी आलो आहोत हे तिला माहीत नव्हतं. ते पाणी प्यायले आणि सही करायला पेन मागू लागले.

अशा गोष्टी मी घरी येऊन कोणाला सांगत नसे. घरी कोणी नव्हतंच.

मंजूषा पहिल्यांदा आली ती हातात वकिलाने लिहून दिलेला मसुदा घेऊन. मला वाटलं, शाळेची बाई असेल, आणि तशीच निघाली. एका खासगी शाळेत संस्कृत शिकवायची. पगार असा, की सांगताना ती स्वतःच हसायची. नवरा हेमंत दाणी, आमच्याच कारखान्यात, मशीन शॉपला. दोघं मूळचे नागपूरकडचे. मूलबाळ नाही. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती आणि दोघांनी संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरवलं होतं.

''यात लिहिलंय की त्यांच्या फंडातला अर्धा वाटा माझा,'' ती म्हणाली. ''तो माझ्या खात्यात वळवून द्या. मला आत्ता काढायचा आहे.''

''आत्ता का?''

''क्वार्टर त्यांच्या नावावर आहे. घटस्फोट झाला की मी तिथे पाहुणी. मला राहायला जागा हवी. माझ्या पगारात कोणी भाड्यानेही देत नाही. एकट्या बाईला तर नाहीच.''

मी मसुदा वाचला. भाषा भरजरी होती. 'उभय पक्षांच्या पूर्ण समाधानार्थ' वगैरे. शाहपुऱ्यात ऑफिस असलेल्या एका वकीलसाहेबांनी तो केला होता, आणि त्यांनी आयुष्यात फंडाचे नियम उघडून पाहिले नसावेत. कारण फंडातला वाटा दुसऱ्याच्या खात्यात वळवता येत नाही. बायकोच्या नाही, भावाच्या नाही, कोणाच्याच नाही. कोर्टाला त्यावर टाच आणता येत नाही. सावकाराने कामगाराचं म्हातारपण लिहून घेऊ नये म्हणून कायद्याने ती भिंत बांधली. भिंत चांगली आहे. फक्त ती बांधताना, एखादी बायकोही बाहेरून दार ठोठावेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी तिला हे सांगितलं. तिने मसुद्याची घडी घातली.

''म्हणजे माझा वाटा आहे, पण तो मिळणार नाही.''

''निवृत्तीनंतर त्यांच्या हातात पैसे आले आणि तेव्हा त्यांनी दिले, तर मिळेल.''

''ताई, हे मला बसच्या तिकिटाचे सुटे परत देत नाहीत,'' ती म्हणाली.

त्या क्षणापासून ती मला ताई म्हणू लागली. मी तिला काय म्हणावं हे मला सुचलं नाही. मी मंजूषाच म्हणत राहिले.

नवऱ्याने मारहाण केली, दुसरं घर केलं, दारू प्यायला, असं काही नव्हतं. बायकांच्या घोळक्यात याचं फार वाईट वाटायचं. ''मग सोडतेस कशाला?'' असं तिला विचारलं जायचं, जणू तिने काही विकत न घेता दुकानदाराचा वेळ घालवला. मी विचारलं नव्हतं, तरी एकदा तीच म्हणाली, ''बाहेरच्या साइटवर होते तेव्हा मला विसरले. परत आले तरी आठवण झाली नाही. चार-चार दिवस बोलत नाहीत. आणि रागावलेलेही नसतात, ताई. नुसते नसतात.''

नियमातून वाट होती. ती मला दिसली, कारण मला दिवसभर दुसरं काही बघायचं नसायचं. घर घेण्यासाठी फंडातून रक्कम उचलता येते, आणि ती परत करावी लागत नाही. ते घर सभासदाच्या नावावर असावं, किंवा पतिपत्नी दोघांच्या, किंवा नुसतं पत्नीच्या. पत्नीच्या! घटस्फोट झालेली बाई पत्नी नसते. पण संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज केला की कोर्ट सहा महिने थांबवतं, तुम्ही पुन्हा विचार करा म्हणून, आणि मग दोघांनी पुन्हा येऊन 'हो' म्हणायचं असतं. त्या मधल्या महिन्यांत ती कायद्याने पत्नी होती. तेवढ्यात तिच्या नावावर घर घ्यायचं, फंडाची रक्कम सरळ घर विकणाऱ्याला जाणार, आणि मग दोघांनी कोर्टात जाऊन मोकळं व्हायचं. यात खोटं काही नव्हतं. घर खरं, पत्नी खरी, सभासद खरा.

हेमंतराव लगेच तयार झाले. ते नेहमीच लगेच तयार व्हायचे. उंच, नीटनेटके, गोड बोलणारे. ''तुम्ही सांगाल तसं, मॅडम. मला वाद नको.'' आयुष्यात ज्या माणसाला कशासाठीच वाद नको असतो, त्याच्याशी जपून वागावं, हे मला तेव्हाही पुस्तकांतून माहीत होतं.

कोर्टात पहिला अर्ज गेला, आणि मग सुरू झाली ती यात्रा. वेगळं व्हायला निघालेलं ते जोडपं एका स्कूटरवर बसून घरं बघत भोपाळभर फिरलं. दलाल त्यांना विचारायचे, ''भाभीजी को किचन पसंद आया?'' शेवटी अशोका गार्डनमध्ये, रेल्वेलाइनच्या जवळ, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर ठरलं. गाडी गेली की कप्प्यातल्या वाट्या वाजायच्या. फंडातून मिळालेली रक्कम पुरली नाही. उरलेलं मंजूषाने बांगड्या आणि आईने लग्नात दिलेला हार मोडून भरलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सगळे जण ते विसरले.

अर्जावर सही करायला दोघं आमच्या कचेरीत एकत्र आले. आमचे विभागप्रमुख शुक्लाजी खुर्चीतून उठले. त्यांच्या कारकिर्दीत नवरा-बायको जोडीने फक्त घरासाठीच यायचे.

''अरे वा, दाणीजी! घर भाभीजी के नाम? ऐसे पति आजकल कहाँ मिलते हैं!''

हेमंतराव लाजले. खरोखर लाजले.

''मिठाई तो बनती है,'' शुक्लाजी म्हणाले.

''हो, आणते ना,'' मंजूषा म्हणाली. आणि माझ्याकडे वाकून हळूच, ''ताई, पेढे आत्ता आणू की कोर्टाच्या तारखेला?''

मला हसू आलं. कचेरीत मी तशी हसत नसे, त्यामुळे शुक्लाजींनी चष्म्यावरून पाहिलं.

इथवर सगळं नियमात होतं. बिघडलं ते जिथे नियम नव्हता तिथे.

मंजूषाची आई, कमलकाकू, नागपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मंजूषा एकुलती एक. काकूंना घटस्फोटाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. ''निकाल लागला की सांगते,'' असं मंजूषा म्हणायची. ''आत्ता सांगितलं तर ती सहा महिने रडेल. नंतर सांगितलं तर झालं म्हणून रडेल. ते रडणं लवकर संपतं.'' हिशेब बरोबर वाटला होता. लेकीने घर घेतलं एवढंच काकूंना कळलं, आणि त्या पुढच्या गाडीने भोपाळात हजर झाल्या, बरोबर नागपूरच्या गुरुजींनी काढून दिलेला वास्तुशांतीचा मुहूर्त घेऊन.

''मी एकटी सत्यनारायण करीन,'' मंजूषा म्हणाली.

''एकटी?'' काकू म्हणाल्या. ''नवरा जिवंत असताना एकटी? तू काय बोलून राहिली, मंजू? वास्तूला जोडपं लागते. तू विधवा आहे का?''

हेमंतरावांना विचारलं तर ते अर्थातच लगेच तयार झाले. सोवळं नेसून आले. भोपाळच्या मराठी मंडळातली आठ-दहा कुटुंबं जेवायला होती. मीही होते. गुरुजींनी हेमंतरावांच्या उपरण्याची आणि मंजूषाच्या शेल्याची गाठ मारली. मंजूषाने मान वर केली, माझ्याकडे बघून भुवई उडवली, आणि पुन्हा खाली बघून गुरुजी सांगतील तसं पाणी सोडू लागली. तिला संस्कृत कळत होतं. गुरुजींचे दोन उच्चार चुकले तेव्हा तिचे ओठ हलले. मंडळातल्या एका उत्साही गृहस्थांनी फोटो काढले आणि जेवणं व्हायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर टाकले. खाली कोणीतरी हात जोडले, कोणी फुलं पाठवली, कोणी लिहिलं, 'लक्ष्मीनारायणाचा जोडा'.

जेवताना हेमंतराव माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ''हवा छान येते इथे, नाही?'' ते म्हणाले.

मी वाटी पुढे केली. मठ्ठा वाढायला आला होता.

कोर्टाच्या तारखेला हेमंतराव आले नाहीत. पुढच्या तारखेलाही नाही. मग वकिलामार्फत कळवलं की त्यांची संमती त्यांनी मागे घेतली आहे. संमतीचा घटस्फोट हा असा असतो: निकाल लागेपर्यंत कोणीही एकाने 'नको' म्हटलं की सगळं जिथल्या तिथे.

मी त्यांना कचेरीत बोलावलं. तसा मला काही अधिकार नव्हता, पण आले. बसले. चहा घेतला.

''हे काय केलंत?''

''मॅडम, तुम्हीच विचार करा,'' ते अगदी आपुलकीने म्हणाले. ''आता घर झालंय. घर असताना घटस्फोट कशाला?''

''ते घर तिला वेगळं राहण्यासाठी घेतलंय.''

''पण पैसे माझ्या फंडातले. उद्या मी रिटायर होणार, माझंही क्वार्टर जाणार. मग मी कुठे जायचं? माणसाने पुढचं बघायला नको?''

''तिने स्वतःचे दागिने मोडलेत.''

''तेच म्हणतो ना मी. दोघांचं आहे.'' त्यांनी कप बशीत नीट ठेवला. ''आणि देवासमोर बसलो आम्ही. त्याला काही अर्थ आहे की नाही?''

वीस वर्षांत बायकोशी बोलायला या माणसाला विषय सापडला नव्हता. दोन खोल्या मिळाल्यावर तो देवापर्यंत पोचला.

मंजूषाने त्यांना घरात घेतलं नाही. एवढं एक तिने केलं. कुलूप बदललं, आईला सगळं सांगितलं, आणि आई नागपूरच्या खोल्या सोडून तिच्याकडेच राहायला आल्या. काकू किती रडल्या मला माहीत नाही. मी गेले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या आणि पाठ माझ्याकडे होती. ''बाई,'' त्या न वळता म्हणाल्या, ''मला आधी सांगितलं असतं तर मी कशाला बसवलं असतं त्याला पाटावर?'' मंजूषा आतल्या खोलीत वह्या तपासत होती. तिने ऐकलं असणार.

मग तिने एकटीने दावा लावला. तो वकील मी शोधून दिला. तो नियम तरी वाचायचा. समोरून हेमंतरावांच्या वकिलांनी काय दाखल केलं? तो फोटो. गाठ मारलेली, समोर कलश, हेमंतरावांचा चेहरा प्रसन्न, मंजूषाची नजर खाली. पहिल्या अर्जानंतर पतिपत्नीने मिळून घर घेतलं, मिळून गृहप्रवेश केला, म्हणजे समेट झालेला आहे. पत्नी आता आईच्या सांगण्यावरून ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. जिच्यामुळे तो माणूस पाटावर बसला, तीच आई. मी साक्ष द्यायला तयार होते की ते घर घटस्फोटासाठीच घेतलं. शुक्लाजींनी मला बाजूला घेऊन समजावलं. ''मैडम, आप क्यों पड़ती हैं? मियाँ-बीवी का मामला है। आज लड़े, कल एक।'' त्यांच्या मते मी एका सुखी संसारात काडी घालत होते. त्यांना पेढे मिळाले होते.

मी साक्ष दिली. समोरच्या वकिलांनी मला एकच विचारलं: ''त्या पूजेला आपण हजर होता? प्रसाद घेतला?'' मी हो म्हटलं. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहून हात पसरले.

तारखा पडत राहिल्या. मी निवृत्त झाले. रविवारी मी अशोका गार्डनला जायची किंवा ती शाहपुऱ्याला यायची. आम्ही दोघी वाचायचो. बोलायचो कमी. ती मधेच पुस्तकावरून डोकं काढून विचारायची, ''ताई, कायद्याने मी सध्या कोण आहे?''

''अर्जदार.''

''छान आहे. सौभाग्यवतीपेक्षा बरं.''

तिने मंगळसूत्र काढलं होतं. शाळेत कुजबुज झाली, ती तिने होऊ दिली. मृत्युपत्र करून ठेव, असं मी तिला सांगितलं होतं. तिचा वकीलही म्हणाला होता. तिला ते पटलंही होतं. पण मसुद्यात तिचं नाव 'श्रीमती मंजूषा हेमंत दाणी' असं टाइप होऊन आलं, आणि तिने तो कागद परत केला. ''निकाल लागला की माहेरच्या नावाने करते. माझी शेवटची इच्छा तरी त्यांच्या नावाखाली नको.'' ती पन्नाशीचीही नव्हती. कोणाला घाई वाटली नाही.

मंगळवारी ती शाळेतून डोकं दुखतंय म्हणून लवकर आली. काकूंनी चहा टाकला. चहा होईपर्यंत ती गेली होती. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले.

मी पोचले तेव्हा मंडळातल्या बायका येऊ लागल्या होत्या. त्यांच्या मागोमाग हेमंतराव आले. त्या बदललेल्या कुलपाच्या दारातून ते पहिल्यांदाच आत येत होते, आणि सगळ्यांनी वाट करून दिली. त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीत हिरवी साडी.

आपल्याकडे नवऱ्याआधी गेलेली बाई अहेव गेली म्हणतात. तिला हिरवी साडी नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात आणि बायका तिच्या पाया पडतात, आपल्यालाही असंच मरण यावं म्हणून. हे सगळं मंजूषाला केलं.

''मंगळसूत्र कुठंय हिचं?'' मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

''ती घालत नव्हती,'' मी म्हटलं.

''असेल कपाटात. बघा की कोणी.''

''नाही. तिने काढलं होतं. ती नवऱ्यापासून वेगळी राहत होती. कोर्टात केस चालू आहे.''

''आठल्येबाई, ही वेळ आहे का बोलायची?'' त्या म्हणाल्या. बाकीच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं. कोणीतरी आपल्या पर्समधून काळी पोत काढून दिली. ती तिच्या गळ्यात घातली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

एक बाई पाया पडून उठता उठता म्हणाली, ''भाग्याची हो. कुंकवाच्या धन्याच्या खांद्यावरून जाणार.'' तो धनी बाहेर लाकडांची चौकशी करत होता.

अग्नी त्यांनी दिला. तेरावं त्यांनी केलं, त्या घरात. फोटोखाली 'अखंड सौभाग्यवती' असं छापून आणलं होतं. फोटो वास्तुशांतीचाच होता. त्यातून तिचा चेहरा तेवढा कापून मोठा केलेला. लोक येऊन त्यांचे हात हातात घेत होते. ते मान हलवत होते, डोळेही पुसत होते. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. काही माणसांना माणूस फक्त फोटोत सापडतं.

दुःख करायलाही नातं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोण? फंडाच्या कचेरीतल्या बाई. मला पंगतीत शेवटी बसवलं.

नंतर मी तिच्या वकिलाला भेटले. म्हटलं, दावा चालू होता. त्याला काही किंमत नाही?

''चालू होता, म्हणजे झाला नव्हता, मॅडम,'' तो म्हणाला. ''मृत्युपत्र नाही, मूल नाही. घर तिच्या नावावर. वारस नवरा.''

''आणि आई?''

''नवरा असताना आई येत नाही.''

त्याने हे सांगताना खाली पाहिलं. एवढंच त्याच्या हातात होतं.

हेमंतरावांनी काकूंना घालवलं नाही. ते कोणालाच घालवत नाहीत. त्यांना वाद नको असतो. ''आई, तुम्ही राहा निवांत, घाई नाही,'' असं ते म्हणाले. मग एका सकाळी काकू भाजी चिरत असताना एक दलाल भाडेकरू घेऊन आला. त्याने त्यांच्या समोरूनच खोल्या दाखवल्या, नळ सोडून पाण्याचा जोर दाखवला, आणि जाताना काकूंना विचारलं, ''अम्माजी, आप कब तक खाली कर रही हैं?'' काकूंनी मला फोन केला. त्या रडत नव्हत्या. फक्त विचारत होत्या, ''बाई, नागपूरची सकाळची गाडी किती वाजता असते?'' नागपूरला त्यांचं आता कोणी नव्हतं, खोल्याही नव्हत्या. मी रिक्षा करून गेले.

एवढी वर्षं मी माणसांना सांगत आले की तुमचं म्हातारपण सुरक्षित आहे, त्याला कोणी हात लावू शकत नाही. ते खरं होतं. हेमंतरावांचं सुरक्षित आहे. ते निवृत्त झाले, उरलेला फंड मिळाला, घराचं भाडं येतं. मंडळाच्या कार्यक्रमात भेटले तर नमस्कार करतात. मागे म्हणाले, ''मंजूषा तुमच्याबद्दल फार चांगलं बोलायची.'' ती माझ्याबद्दल काय बोलायची हे ऐकायला हे कधी तिथे होते, असं मी विचारलं. ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

संपादकांना हा लेख चालेल की नाही, मला माहीत नाही. मंडळातले लोक अंक विकत घेतात.

कोर्टातलं प्रकरण अर्जदार मयत म्हणून बंद झालं. अशोका गार्डनच्या घरात रेल्वेत नोकरी करणारं एक कुटुंब राहतं. कमलकाकू माझ्याकडे शाहपुऱ्याला असतात. त्या सकाळी पोळ्या करतात, मी भाजी करते.